लाईट गेली का?

१

लाईट जाणं कळंबच्या पलीकडच्या वस्त्यांना काही नवं नाही. सगळीकडं ऊस उभा, रस्ता लांब, आणि घरं अशी की एकमेकांचे पत्रे दिसत नाहीत पण हाक मात्र पोचते. पंखा थांबला, मोटार थांबली, टीव्हीतली बाई अर्ध्या वाक्यात गप झाली, की कुठल्यातरी अंगणातून आवाज यायचा, "लाईट गेली का ओऽ?" दुसऱ्या अंगणातून उत्तर जायचं, "गेलीऽऽ." एवढंच. आपली एकट्याची गेली असली तर माणसाचा जीव खालीवर होतो, आणि सगळ्यांची गेली म्हटलं की तोच माणूस निवांत बाजेवर टेकतो. दुसऱ्याच्या घरातही अंधार आहे यावर समाधान मानणारी जात आपली, त्यात लाजायचं काय.

पण त्या जानेवारीत अनसूयाला टेकायची सोय नव्हती. लेक संस्कृती बाळंतपणाला आली होती आणि बाळ दिवस भरायच्या आधीच झालं होतं. मुलगी. ओंजळीत मावेल एवढीशी. बारामतीच्या दवाखान्यात काही दिवस काचेच्या पेटीत राहिली, मग घरी सोडली. सोडताना डॉक्टरीणबाईंनी दम दिल्यासारखंच सांगितलं, "खोली गरम राहिली पाहिजे. शेगडी नको, धूर नको, हीटर लावा. आणि लाईट गेल्यावर काय करणार ते आजच ठरवा." जावई इंद्रजित लोणी देवकरला कारखान्यात, त्याची शिफ्ट ड्युटी. तो रविवारी येऊन बाळाकडं लांबूनच बघायचा, हात लावायची त्याची छाती होत नव्हती.

ठरवायचं कुणी? गोठ्यामागच्या पत्र्याच्या खोलीत जनरेटर होता. दिगू गेल्यापासून त्याच्यावर पोतं होतं, आणि त्या पोत्याकडं घरातलं कुणी बघत नव्हतं. बाळ आलं त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी अनसूया धारा काढत होती, तेव्हा आप्पासाहेब, म्हणजे तिचे मालक, त्या खोलीत शिरले. पोतं झटकल्याचा आवाज आला. अनसूयाचा हात आचळावरच थांबला.

वालचंदनगरहून वायरिंगवाला आणला. त्यानं पडवीत मीटरशेजारी एक नवी लोखंडी पेटी बसवली, बाहेर काळा दांडा. दांडा वर केला की खांबावरची लाईट घरात येणार, खाली केला की जनरेटरची. विहिरीतली घरापुरती छोटी मोटारही त्याच्यावरच, म्हणजे बाळाच्या न्हाण्याला, बाळुत्यांना पाणी अडायला नको. "आणि मधी ठेवला तर?" अनसूयानं विचारलं. "मधी ठेवला तर कशाचीच न्हाय," तो म्हणाला. "पन मधी कोन ठेवतंय मावशी?"

२

दिगू म्हणजे दिग्विजय, अनसूयाचा थोरला. ठेकेदाराकडं वायरमन होता. उंच, जरा बेफिकीर चालीचा, पण खांबाच्या बाबतीत भित्रा म्हणावा इतका सावध. चढायच्या आधी तो दोन फोन करायचा. पहिला सबस्टेशनला. दुसरा घरी.

"आई, लाईट गेली का?"

"गेली."

"बरं."

बरं म्हटलं की फोन ठेवला. बरोबरची पोरं त्याला चिडवायची, आईला विचारून चढतो म्हणायची. तो हसायचा. म्हणायचा, "सबस्टेशनवर मानूस बोलतंय, हितं माझी आई बोलती." आणि काम आपल्याच वस्तीजवळ असलं तर फोनही नसायचा, खांबाखालून सरळ हाक. अनसूया चुलीपुढं असो नाहीतर विहिरीवर, उत्तर देऊन मोकळी व्हायची.

त्या दिवशी काम त्यांच्याच खांबावर होतं, गोठ्यापलीकडच्या शेवटच्या खांबावर. जोडाची तार जळाली होती, घराची लाईट सकाळपासून गेलेली. त्यानं खालून हाक दिली. अनसूयानं परड्यातून उत्तर दिलं, "गेलीऽऽ." तो म्हणाला, "बरं." आणि चढला. उतरला मात्र नाही, लोकांनी उतरवला.

कुणाच्यातरी जनरेटरची लाईट उलटी तारेवर गेली, असं लोक म्हणाले. कुणाच्यातरी. जनरेटर काय, त्या पट्ट्यात ज्याच्या त्याच्या दारात आहे. या घरात येऊन कुणी काही विचारलं नाही. तेवढी मुर्वत अजून लोकांना आहे. आणि घरातल्या दोघांनीही एकमेकांना विचारलं नाही. पोतं टाकलं आणि जगायला लागले.

३

पहिल्यांदा झालं ते भर दुपारी. लाईट गेली. आप्पासाहेबांनी जाऊन दोरी ओढली, जनरेटर धडधडायला लागला, दांडा खाली केला, आणि मधल्या खोलीत हीटरची तार लाल झाली. अनसूयानं बाळाचे तळपाय चाचपून पाहिले. कोमट होते. जीव भांड्यात पडला तिचा.

ती निवडायचं सूप घेऊन पडवीत बसली. थोड्या वेळानं आतून संस्कृती म्हणाली, "आई, हीटर बंद झाला गं."

जनरेटर तर चालू होता. गोठ्यामागं धडधड चालली होती, धूरही दिसत होता. अनसूयानं मान वळवून पेटीकडं पाहिलं. दांडा मधोमध होता. वर नाही, खाली नाही.

तिनं तो खाली दाबला. हीटर लागला. ती पडवीतच बसली होती की, हाताच्या अंतरावर. कुणी आलं नव्हतं, गेलं नव्हतं. नवीन माल आहे, ढिला असेल, स्प्रिंग असेल आत काहीतरी, तिनं मनाला सांगितलं. मनानं ऐकलं. ऐकायचं असलं की मन ऐकतं.

"तुमी दांडा नीट दाबला न्हवता का ओ?" संध्याकाळी तिनं विचारलं.

"दाबला व्हता की चांगला," आप्पासाहेब म्हणाले. मग जरा थांबून, "तू मधी केलास?"

"मी कशाला करू?"

"मग संस्कृतीनं केला आसंल."

बाळंतीण खोलीच्या उंबऱ्याबाहेर आली नव्हती, हे दोघांनाही ठाऊक होतं. पण दोघांनी मान हलवली.

४

मग ते होतच राहिलं. दरवेळी नाही, पण लाईट गेली आणि जनरेटर लावला की कधीतरी हीटर गप व्हायचा, विहिरीवरची मोटार गप व्हायची, आणि जाऊन बघावं तर दांडा मध्ये. पाण्याची टाकी अर्धी राहायची. ते सोसलं असतं. अनसूयानं पोहऱ्यानं शेंदलं असतं, जन्मभर शेंदलंच होतं. पण एकदा दोघंही उसाकडं गेले होते आणि संस्कृतीचा डोळा लागला होता. अनसूया आली तेव्हा बाळाच्या ओठांना निळसर झाक होती आणि ते रडतही नव्हतं. तिनं त्याला पोटाशी घेतलं, चोळलं, तोंडानं ऊब दिली. बऱ्याच वेळानं ते मांजराच्या पिलासारखं कण्हलं. त्या दिवशी घरात कुणी जेवलं नाही.

आप्पासाहेबांनी वायरिंगवाल्याला फोन लावला. तो आला, पेटी उघडली, दांडा वरखाली करून दाखवला. चांगला घट्ट होता, दोन बोटांनी हलणारा नव्हता. "काका, ह्यो आपोआप हलत न्हाय," तो म्हणाला. "कुनीतरी हलवतंय."

तो गेल्यावर आप्पासाहेबांनी बैलाचा जुना कासरा काढला. पुढच्या वेळी लाईट गेल्यावर दांडा खाली केला आणि कासऱ्यानं खालच्या हुकाला आवळून बांधला. अशी गाठ मारली की दातांनी सोडवावी लागावी. मग दोघं गोठ्यात गेले, वैरण टाकून परत आले, तोवर आतून संस्कृतीची हाक आलीच, हीटर गेला म्हणून.

दांडा मध्ये होता. कासरा तुटला नव्हता. सोडला होता. आणि सोडून खाली टाकलेला नव्हता. अंगठ्यावरून कोपराला, कोपरावरून अंगठ्याला असे वेढे घालून, शेवटचं टोक मधोमध आवळून, पेटीवर ठेवला होता. वायरचं भेंडोळं करतात ना, तसं.

अनसूयानं ते भेंडोळं उचललं. या घरात दोरी अशी गुंडाळणारा एकच होता. ती कपडे वाळत घालायची दोरी तशीच कशीतरी फेकायची, आणि तो येताजाता उचलून असे वेढे करून खुंटीला लावायचा. "आई, दोरी हाय ती, शेवया न्हायत," म्हणायचा.

आप्पासाहेबांनी ते तिच्या हातातून घेतलं आणि उलगडलं.

५

दुसऱ्या दिवशी फटफटत असताना दोघं विहिरीच्या थारोळ्यावर बसले होते. आप्पासाहेब म्हणाले, "काल परत दांडा खाली केला, तवा मी त्याला धरूनच बसलो व्हतो. तुला सांगितलं न्हाय."

"मग?"

"माझ्या मुठीतनं वर सरकला. हात माझाच व्हता. जोर माझा न्हवता." त्यांनी तळहात उघडून बघितला, जणू काही लागलंय. "पोरीच्या वाईटावर न्हाय त्यो, अनसूया. भाचीच्या वाईटावर कसा आसंल. त्याला आपल्या जनरेटरचं भ्या वाटतंय."

अनसूयाला रडू फुटलं. इतके दिवस ती एकटीच रडायची, गोठ्यात, न्हाणीत; नवऱ्यापुढं पहिल्यांदाच रडली. त्यांनी तिला गप केलं नाही. त्यांचीही मान खाली होती.

"त्या दिवशी टाकी रिकामी व्हती," ते म्हणाले. "म्हशी वरडत व्हत्या. म्हणून मी जनरेटर लावला. खांबावर कोन येणार हाय, कधी येणार हाय, मला काय ठावं. वायर भोकात खुपसायच्या आधी मेन खाली करायचा आसतो, न्हायतर लाईट उलटी तारंवर जाती. त्यो मी केला का न्हाय... लई आठवून बघितलं. आठवत न्हाय."

अनसूयाला मात्र सगळं आठवत होतं. ती परड्यात नळाखाली भांडी घासत होती. नळाला पाणी होतं. मागच्या दारावरचा बल्ब दिवसाढवळ्या जळत होता, आणि ती मनात म्हणालीही होती, उठून बंद केला पाहिजे. तेवढ्यात हाक आली, लाईट गेली का. आणि ती त्या जळत्या बल्बखाली बसून म्हणाली, गेली.

खोटं बोलली का ती? नाही. आपल्याकडं घर जनरेटरवर झगझगत असलं तरी लाईट गेलेलीच असते. लाईट म्हणजे खांबावरची; ती नाही म्हणजे गेली. दारातल्या शेंबड्या पोराला विचारा, तोही हेच सांगेल. जनरेटर चालू आहे हे सांगायचं असतं, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं, आणि त्यानं विचारलं नव्हतं. त्यानं आईला विचारलं होतं. मध्ये ऊस, जनरेटरचा आवाज उसात विरून गेलेला, आणि असले आवाज तर दहा वस्त्यांवरून येत असतात.

"मी गेली म्हनलं ओ त्याला," ती म्हणाली.

"गेलीच व्हती की," आप्पासाहेब म्हणाले. त्यांना तिला वाचवायचं होतं. पण ती त्या वाक्याच्या पलीकडं कधीच गेली होती.

६

त्या आठवड्यात थंडी वाढली. इंदापूरच्या बाजूला असली थंडी कमीच, पण त्या दिवशी दुपारपासूनच अंगावर काटा येत होता. दिवेलागणीला आप्पासाहेब दूध घेऊन डेअरीला गेले. संस्कृती आत बाळाला पाजत होती. अनसूयानं देवापुढं वात लावली आणि लाईट गेली.

तिनं वेळ घालवला नाही. गोठ्यामागं जाऊन दोरी ओढली. दोनदा नुसतंच खोकलं, मग सुरू झालं. धावत येऊन दांडा खाली केला. आत हीटर लागला, त्याचा तांबूस उजेड उंबऱ्यापर्यंत आला. मग ती पेटीला टेकून उभी राहिली, दांडा दोन्ही हातांनी धरून. सरकला तर सरकू दे, मी परत खाली करीन. तो लेक असेल तर मी आई आहे, असा तिचा विचार.

दांडा हलला नाही. गोठ्यापलीकडून, खांबाच्या बाजूनं, साध्या आवाजात हाक आली.

"लाईट गेली का?"

कोपऱ्यात पाल चुकचुकली तरी दचकणारी बाई, पण ती दचकली नाही. खोटं कशाला सांगा, तिला आनंद झाला. किती दिवसांनी ऐकला होता तो आवाज. जरा घोगरा, तंबाखू सोडायचं कबूल करून न सोडलेल्याचा. तिनं तोंड उघडलं आणि तिच्या लक्षात आलं की काय म्हणायचं ते तिला माहीत नाही. गेली म्हणावं तर एकदा म्हणून झालेलं. न्हाय गेली म्हणावं तर तो खालीच उभा राहणार, आजही, उद्याही, आणि दांडा मध्येच करत राहणार.

आणि आतून संस्कृतीनं उत्तर दिलं. लहानपणापासून देत आली होती तसं, अंगावरचं बाळ न हलवता, नुसती मान वर करून.

"गेलीऽऽ."

"बरं," बाहेरून आलं.

अनसूयाच्या हातातला दांडा सुटला. ती अंगणात आली, गोठा ओलांडला. उजेड सरत आला होता, खांब नुसता काळा दिसत होता, पण त्यावर पाय घासल्याचा आवाज येत होता. लोखंडावर चप्पल घासते तसा. एकदा. मग वर, आणखी एकदा.

"थांब," ती म्हणाली. "गेली न्हाय. चढू नगंस, दिगू, गेली न्हाय."

पण जनरेटरची धडधड सुरू होती आणि तिचा आवाज तिलाच ऐकू येत नव्हता. ती उलटी पळाली. पत्र्याच्या खोलीत शिरून बटण दाबलं. जनरेटर एकदोन आचके देऊन थांबला. मग इतकं शांत झालं की म्हशीचं रवंथ ऐकू यायला लागलं.

ती बाहेर आली. खांबावर, तारांच्या जरा खाली, कुणीतरी होतं. तोंड दिसलं नाही. एक हात तारेकडं उचललेला आणि तसाच थांबलेला. मान मात्र खाली, घराकडं वळवलेली, एखादा माणूस नीट ऐकू आलं नाही म्हणून पुन्हा ऐकायला थांबतो तशी. तिनं एवढंच पाहिलं. पुढं पाहायचा धीर झाला नाही.

आतून संस्कृती कळवळून म्हणाली, "आई, हीटर गेला गं. बाळ गार पडतंय. आई, कुठं हाईस तू?"

अनसूयानं खांबाकडं न बघता उत्तर दिलं. मोठ्यानं, शब्द सुटे करून, बहिऱ्याला सांगावं तसं.

"गेली रे बाळा. आता खरंच गेली. जनरेटरबी बंद हाय. माझ्या हातानं बंद केला. सावकाश कर."

ती आत गेली. अंधारातच संस्कृतीच्या मांडीवरून बाळ घेतलं, त्याचं कपड्यांचं बोचकं सोडलं आणि ते उघडं पिल्लू चोळीच्या आत, छातीला लावलं. वरून लुगड्याचा पदर, वरून घोंगडी. बाळाचे पाय विहिरीतल्या खड्यासारखे गार होते. ती भिंतीला टेकून बसली आणि आपला श्वास त्याच्या टाळूवर सोडत राहिली. दवाखान्यात सांगितलं होतं हे, छातीशी धरा म्हणून. हीटर आला तसं ते सगळेच विसरले होते.

"बाहेर कोन हाय?" संस्कृतीनं हळूच विचारलं. "मी कुणाला गेली म्हनले?"

"वायरमन हाय."

"ह्या वेळंला?"

"काम करतोय त्यो. करू दे."

बाहेर मधूनच बारीक आवाज येत होता, पकडीनं तार पिळल्याचा. किती वेळ गेला कुणास ठाऊक. बाळाचा पाय तिच्या पोटावर हलला. मग दुसरा हलला. मग त्यानं चिडून, भुकेजून, सणसणीत भोकाड पसरलं, जन्मल्यापासून पहिल्यांदाच एवढं मोठं. आणि हीटरची तार हळूहळू लाल झाली, मधला बल्ब लागला, देवघरातला लागला, मागच्या दारावरचाही लागला.

जनरेटर बंद होता. दांडा वर होता.

ती बाळाला तसंच छातीशी घेऊन पडवीत आली. खांबावर कुणी नव्हतं. पलीकडच्या वस्त्या अजून काळ्याच होत्या, आणि त्या काळोखातून शेजारच्या धोंडाबाईंची हाक आली, "अनसूयाऽ, तुमची आली का गं? आमची गेलेलीच हाय."



७

बाळ बाळसं धरू लागलं. बारशाला नाव ठेवलं ओवी, आणि संस्कृती सासरी निघाली तेव्हा ओवीला उचलून नेणारा हाच तो आधीचा घाबरट इंद्रजित, हे ओळखू येऊ नये. दांडा त्यानंतर कधी हलला नाही. खाली केला की खाली, वर केला की वर. वायरिंगवाला म्हणतो तसा चांगला माल आहे.

घराला आता काही कमी नाही. विहिरीचं पाणी वेळेवर टाकीत येतं. लाईट पूर्वीसारखीच जाते आणि पूर्वीसारखीच येते. फक्त ती गेली की अनसूया हातातलं काम ठेवून गोठा ओलांडते आणि खांबाखाली जाऊन उभी राहते. लांबून कुठूनतरी हाक येते, गेली का म्हणून. ती धोंडाबाई असते, नाहीतर कुणी तिसरंच. त्या हाकेला ती उत्तर देत नाही. वर बघून, जवळच्या माणसाशी बोलावं एवढ्याच आवाजात म्हणते, "गेली रे." आणि थांबते. 'बरं' एवढंच ऐकायचं असतं तिला.

तिकडं पत्र्याच्या खोलीत आप्पासाहेब जनरेटरची दोरी हातात धरून उभे असतात. म्हशी ओरडू देत, टाकी रिकामी असू दे, ती परत अंगणात आलेली दिसल्याशिवाय ते दोरी ओढत नाहीत.